बुडबुडा हलतोय ना, सर?

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढला, बेल्ट बदलला, सुई बदलली, मोटारीला तेल दिलं. एका आठवड्यात उरकलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलो ते एका बुडबुड्यापाशी.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, जुनं. शहाबादी फरशीला मोरीकडे उतार आहे. बादलीभर पाणी ओतलं की आपापलं मोरीत जातं, याचं आजीला फार कौतुक होतं. रेकॉर्ड प्लेअरला हा उतार सोसत नाही. डावी बाजू खाली असली की सुईचा हात आत सरकायला बघतो, सुई खाचेच्या एकाच भिंतीवर रेलते आणि दोन स्पीकरांतला तोल जातो. आमच्याकडे तर शेवटच्या चीजेला सुई दोनदा आत उडी मारायची. तेव्हा लेव्हल, म्हणजे बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारं साधन, पाहिजे, एवढं कळलं.

मोबाईलमधली लेव्हल करून पाहिली. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा, त्यावर फोन डुगडुगतो. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याची दोन फुटी पट्टी मागून आणली. तबकडी फूटभर, पट्टी दोन्हीकडून बाहेर, आणि तिच्या वजनानेच प्लेअर एका अंगाला दबला. शिवाय मधला खुंट आडवा येतो, त्यामुळे कुठलीही पट्टी बरोबर मधून ठेवता येत नाही. खुंटाच्या बाजूला ठेवायची, एकदा उभी, एकदा आडवी.

मग मी ऑनलाइन एक गोल लेव्हल मागवली. बटणाएवढी, पितळी कड, आत हिरवं पाणी. वर्णनात ‘अत्यंत अचूक, टर्नटेबलसाठी खास’ असं लिहिलेलं. तीनशे एकोणपन्नास रुपये.

ती तबकडीवर ठेवली. बुडबुडा खिडकीकडे. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे घालून बुडबुडा मधोमध आणला, खूश झालो. सहज लेव्हल तिथल्या तिथे अर्धी फिरवली, तर बुडबुडा दाराकडे! पुन्हा अर्धी फिरवली, पुन्हा मधोमध. टेबल हललेलं नाही, प्लेअर हललेला नाही. म्हणजे लेव्हल खोटी. तिचं बूडच तिरकं.

इथून माझे एकोणीस दिवस गेले.

वस्तू परत करायच्या फॉर्मवर कारणं चारच. तुटलेली आली, वेगळी आली, अर्धवट आली, आवडली नाही. ‘खोटं बोलते’ हे कारण नव्हतं. ‘तुटलेली’ निवडलं, फोटो मागितले. दोन दिशांचे दोन फोटो पाठवले. दोन दिवसांनी उत्तर: फोटोत वस्तू सुस्थितीत दिसते, तक्रार बंद करण्यात येत आहे.

फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली.

“सर, बुडबुडा दिसतोय ना?”

“दिसतोय.”

“हलतोय ना?”

“हलतोय. पण जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबत नाही.”

“सर, हलतोय म्हणजे प्रॉडक्ट चालू आहे.”

तिचा काही दोष नव्हता. तिच्यासमोरच्या पडद्यावर चालू आणि बंद एवढेच दोन रकाने असणार. पण मी बँकेत नोकरी करतो, रकान्यात न बसणारी माणसं माझ्याही काउंटरला येतात, आणि त्यांच्याशी मीही असाच बोलत असेन या विचाराने जास्त चिडलो.

दुसरी तक्रार टाकली. आता व्हिडिओ पाहिजे होता, तीस सेकंदांच्या आतला. बायकोने मोबाईल धरला, मी लेव्हल फिरवली. पहिल्या वेळी तिला हसू आवरेना, चित्र हललं. दुसऱ्या वेळी नीट आला. चार दिवसांनी उत्तर आलं, ते मी पाठ केलंय: ‘आपलं टेबल सपाट नसल्यामुळे असं होत असावं.’

अरे बाबांनो, टेबल सपाट नाही म्हणूनच तर लेव्हल घेतली! आणि या तपासणीला टेबल सपाट असावंच लागत नाही. टेबल कितीही कलतं असो, लेव्हल त्याच जागी अर्धी फिरवल्यावर बुडबुडा खोलीच्या त्याच बाजूला राहायला पाहिजे, कारण तो उंचाकडेच पळतो. तो लेव्हलबरोबर फिरला, तिच्या ठरावीक कडेलाच चिकटून राहिला, तर लेव्हल खोटी. हे मी त्यांना चार ओळींत लिहून पाठवलं. उत्तरादाखल समाधान किती झालं ते ताऱ्यांत सांगा असा मेसेज आला.

तिसऱ्या तक्रारीवर एकदाचा वस्तू न्यायला मुलगा आला. खोक्यावरचं सील फुटलेलं बघून म्हणाला, “दादा, हे घेता येत नाही.” सील न फोडता आतला बुडबुडा कसा तपासायचा, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “ते वर विचारा.” वर विचारेपर्यंत परतीची मुदत संपून गेली होती. पैसे गेले. पैशाचं एवढं नाही, पण ‘टेबल सपाट नसल्यामुळे’ अजून डोक्यातून जात नाही.

त्या शनिवारी ती लेव्हल खिशात घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथ आणि मशिन शॉप्सचं ते गाव. तिथं लेव्हलिंगचं काम करणारा कोणीतरी भेटेलच अशी खात्री होती. एका शॉपमध्ये साठीचे मिस्त्री भेटले. त्यांनी लेव्हल सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अगदी सपाट पाटावर, ठेवली, फिरवली, आणि परत माझ्या हातात दिली.

“सायेब, हे खेळणं हाय. पोरास्नी द्या.”

मग लाकडी पेटीतून त्यांनी स्वतःची मास्टर लेव्हल काढली. मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक झाला तरी एक घर सरकणारी. काचनळी आतून किंचित वाकडी असते. तो बाक जितका कमी तितका बुडबुडा तिखट. प्लेटवर ठेवल्यावर तो स्थिर व्हायलाच बराच वेळ लागला. मला तीच पाहिजे वाटायला लागली. मिस्त्री हसले.

“तुमच्या घरात ही थांबायचीच न्हाई. वैनी स्वयंपाकघरात चालल्या तरी पळंल. तुमास्नी पॉइंट पाचची बास झाली.”

हिशेब मी घरी केला. ०.५ म्हणजे मीटरला अर्धा मिलिमीटर. तीस सेंटिमीटरच्या तबकडीवर ०.१५, म्हणजे झेरॉक्सच्या दीड कागदाएवढा फरक. स्वस्त गोल लेव्हल अर्धा अंश चुकली तर तोच फरक अडीच मिलिमीटरच्या वर जातो. गोल घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. लांबट नळीची, वीत-सव्वा वीत लांबीची घ्या.

निघताना मिस्त्री आणखी एक बोलले, ते ऐकून मला घाम फुटला. खोट्या लेव्हलनंसुद्धा खरं काम होतं. बुडबुडा मधोमध आणून लेव्हल अर्धी फिरवल्यावर जो फरक दिसतो त्यातला निम्मा लेव्हलचा, निम्मा टेबलाचा. दोन्ही दिशांना बुडबुडा लेव्हलच्या एकाच खुणेवर येईपर्यंत पायाखाली कागद सरकवत राहायचं, टेबल लेव्हलमध्ये आलं. म्हणजे माझे एकोणीस दिवस... असो. तरी पैसे मला परत पाहिजेच होते.

नवी लेव्हल बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. ०.५ छापलेल्या पाच काढायला लावल्या, काचेच्या काउंटरवर पेन्सिलने रेघ मारली आणि प्रत्येक त्याच रेघेला लावून दोन्ही बाजूंनी फिरवली. मालक म्हणाले, “आवो, कंपनीचा माल हाय, सगळ्या सारख्याच.” सारख्या नव्हत्या. दोन खोट्या निघाल्या, एक तर भंगारात टाकावी अशी. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी मी पाचही फिरवल्या. लाज वाटली नाही. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, दुकानातच फिरवून घ्या, सील घरी आल्यावर फोडायची वेळ येऊ देऊ नका.

दोन गोष्टी राहिल्या. बऱ्याच लेव्हलना लोखंडी पाइपला चिकटण्यासाठी खाली चुंबक असतो, तो सुईजवळ नेऊ नका. सुई बसते त्या डबीत, पिकअपमध्येही, बऱ्याचदा चुंबक असतो. चुंबक नसलेली मागा, आणि मोजताना सुईवर टोपी लावून हात बांधून ठेवा. दुसरं, उन्हाळ्यात लेव्हलमधला द्रव फुगतो आणि बुडबुडा लहान दिसतो, थंडीत मोठा. तो दोन रेघांना टेकला का हे बघू नका, दोन्ही रेघांपासून सारखा लांब आहे का ते बघा.

शेवटी डाव्या पायाखाली तीन कागद गेले. शेवटची चीज आता सरळ वाजते. जुलैत टेबलाचं लाकूड फुगलं तेव्हा परत तपासलं, एक कागद काढावा लागला.