ब्लाउजपीस आणि चमकी कागद

कुठल्याही मराठी घरातलं कपाट उघडा, ब्लाउजपीसची एक थप्पी सापडणारच. ओटीत आलेले, वास्तुशांतीचे, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे. त्यातला एकही शिवून होत नाही कारण तो रंग आपल्या कुठल्याच साडीवर जात नाही आणि शिलाई कापडाच्या कितीतरी पट जास्त असते, मग तो पुढच्या ओटीत जातो, तिथून आणखी पुढे, आणि कधीतरी फिरत फिरत आपलाच पीस आपल्याला मिळतो, आपण तो ओळखतो पण गुपचूप घेतो, काय करणार.

आणि ह्याच घरात बड्डेला जायचं ठरलं की ऐनवेळी स्टेशनरीच्या दुकानात धावत जाऊन चमकी कागद आणायचा! मला तर हे कोडंच वाटतं.

तो कागद बरेचदा कागद नसतोच मुळी, प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा असतो. मुठीत घट्ट चुरगाळून सोडून बघा, आपोआप उलगडायला लागला तर समजा प्लास्टिक आहे, रद्दीवाला त्याला हात लावत नाही. १ जुलै २०२२ पासून देशात जे सिंगल यूज प्लास्टिक बंद झालं त्यात मिठाईच्या बॉक्सवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि सिगारेटच्या पाकिटांवर गुंडाळायची फिल्मसुद्धा आहे, पण गिफ्टच्या चमकी कागदाचं त्या यादीत नाव नाही, म्हणजे आत पेढ्यांचा बॉक्स उघडा आणि बाहेर त्याला चमकीचा झगा, असा आपला कारभार.

जपानी लोक भेटवस्तू चौकोनी कापडात बांधतात, त्याला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून त्याचा मुद्दाम प्रचार केला. आता आपल्याकडेही लोक त्याचे व्हिडिओ बघून भारावून जातात, अहो पण कापड कपाटात पडलंय की!

बांधायला काही डोकं लागत नाही. पीस तिरका पसरायचा, मधोमध वस्तू, समोरासमोरची दोन टोकं वरून दुमडून घ्यायची आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ. आधी उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, म्हणजे गाठ चपटी बसते. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं तर ती वाकडी होते आणि रिक्षात बसेपर्यंत सुटते. टू बाय टू रुबिया ह्या कामाला एक नंबर, जरा कडक, घडी धरून ठेवतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण असेल तर मग बघायलाच नको, काठच एवढा देखणा की वर रिबिन लावायची गरज नाही, फार तर गाठीत सोनचाफ्याचं फूल खोचा. सिंथेटिक सिल्कच्या मात्र नादी लागू नका, गाठ सरकत राहते. पुस्तक, साडी, स्टीलचा डबा सगळं मजेत बसतं, मिक्सर मात्र नाही बसणार, त्याला जुनी ओढणी घ्या.

मला ह्यातलं सगळ्यात आवडतं काय, तर सेलोटेप लागतच नाही. आणि कापड परत द्यायचं का हा प्रश्न आपल्याकडे येतच नाही कारण ब्लाउजपीस कुणी परत करत नाही, तो पुढेच जातो.

लहान मुलांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांना गाठ सोडण्यात काडीचा रस नसतो, त्यांना टराटरा फाडायचं असतं आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासाठी पेपरची रविवारची पुरवणी किंवा कालनिर्णयची जुनी पानं, वर सुतळी. फक्त आत उघडा खाऊ असेल तर पेपर नको, छपाईची शाई खाण्याला लागते. बाकी फाडून झाल्यावर ते सगळं थेट रद्दीत.