घराचं गुपित 'नाहीतर'मध्ये

मंगळवार, रात्री साडेअकरा

आमच्या बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या व्यवस्थेची, दुरुस्ती आज एकदाची मर्ज झाली, मुख्य कोडमध्ये गेली. सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सीमेक (CMake) हे बिल्डच्या फायली तयार करून देणारं साधन. त्यात जनरेटरचं, म्हणजे कुठल्या प्रकारच्या फायली हव्यात त्याचं, नाव बदलायचं, निंजाच्या जागी 'निंजा मल्टी-कॉन्फिग' लिहायचं, की एकाच फोल्डरमध्ये सगळे प्रकार. झालं! सीमेकच्या 3.17 आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून ही सोय आहेच. डीबग (चुका शोधायचा, सावकाश चालणारा), रिलीज (वापरणाऱ्यांना द्यायचा) आणि अ‍ॅसान (मेमरीच्या चुका पकडणारा) असे तीन फोल्डर सांभाळायचे आणि एक ओळ बदलली की तिन्हीकडे कॉन्फिगर चालवायचं, म्हणजे सीमेककडून फायली नव्याने करून घ्यायच्या, याचा कंटाळा आला होता.

नवा डीबग बिल्ड पहिल्याच फटक्यात चालला. तिथेच शंका यायला हवी होती. कोडमधल्या जादा तपासण्या चालू करणारं आमचं मॅक्रो त्यात नव्हतंच.

कारण साधं होतं. आमच्या सीमेकच्या फायलींमध्ये जागोजागी 'बिल्ड टाइप डीबग असेल तर हे, नाहीतर ते' असं लिहिलेलं. पण मल्टी-कॉन्फिगमध्ये कॉन्फिगर करताना एकच बिल्ड टाइप असा नसतोच. निवड होते प्रत्यक्ष बिल्ड करताना. तो व्हेरिएबल रिकामा, मग गाडी गुपचूप 'नाहीतर'वर. एरर नाही, वॉर्निंगही नाही.

शोधल्यावर अशा तेवीस जागा निघाल्या. त्यातल्या चार माझ्याच हातच्या.

खरा धक्का पुढे होता. विंडोजवर काम करणारे आमचे लोक वापरतात तो व्हिज्युअल स्टुडिओ तर पहिल्यापासूनच मल्टी-कॉन्फिग! म्हणजे विंडोजवाल्यांकडे त्या तपासण्या कधी चालूच झाल्या नव्हत्या. आणि मी मीटिंगमध्ये त्यांच्यातल्या एका सहकारिणीला म्हणत होतो, "हे बग तुमच्याकडे कसे दिसत नाहीत? टेस्ट करता ना?" उद्या तिला जाऊन सॉरी म्हणायला हवं. चहा माझ्याकडून.

मग एकेक 'जर' काढून जनरेटर एक्स्प्रेशन घातली. यांचं उत्तर बिल्ड फायली तयार होताना प्रत्येक कॉन्फिगसाठी वेगळं निघतं. दिसायला कुरूप; मेसेज छापून तपासावं तर उत्तराऐवजी तोच कंसांचा गुंता पडद्यावर येतो. एका ठिकाणी तेही चालेना, कारण तिथे अख्खी सबडिरेक्टरीच 'जर'च्या आत होती. टार्गेट, म्हणजे बिल्डमधून काढायची वस्तू, एकतर असतं किंवा नसतं. डीबगपुरतं आहे आणि रिलीजपुरतं नाही, असं होत नाही. तिथे वेगळा ऑप्शन करून सुटलो. अ‍ॅसानचंही नुसतं नाव यादीत घालून भागलं नाही. कंपायलर आणि लिंकर, दोघांचे फ्लॅग आपणच द्यावे लागले, नाहीतर नाव अ‍ॅसान आणि आत काहीच नाही.

संध्याकाळी जुने तीन फोल्डर उडवले. फार बरं वाटलं.

आत्ता झोपायला जाताना रात्रीच्या रिलीज टेस्टवर नजर टाकली. रोजच्या तिप्पट वेळ होऊन गेला तरी चालूच आहेत. त्या स्क्रिप्टमध्ये कोणता कॉन्फिग हवा, हे मी लिहिलंच नाही. न सांगितल्यास बिल्ड यादीतला पहिला घेतो, आणि पहिला आहे डीबग. लॅपटॉप पुन्हा उघडतोय.