मी कॉफीला प्रश्न विचारला

स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं की क्रियापदं छळतील. छळतातच, पण त्यांचं काय, तक्ता पाठ केला की गप्प बसतात. खरा ताप आहे तो जोड्यांचा. म्हणजे एकाच अर्थाचे वाटणारे दोन शब्द, पुस्तकात दोघांच्याही पुढे इंग्रजीत एकच शब्द छापलेला, आणि आपण ऐन वेळी हमखास नको तोच उचलतो.

माझा क्लास ऑनलाइन, रात्री साडेनऊला. शिकवणारी मुलगी स्पेनमध्ये बुर्गोसला राहते, हिवाळ्यात तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, त्यामुळे ती एकदम फ्रेश आणि मी ओटा पुसून, विरजण लावून अर्धी झोपेत. पहिल्याच महिन्यात तिने होमवर्क दिला, काल काय काय केलं ते लिहा. मी लिहिलं की कॅफेत गेले, कॉफी मागितली. डोक्यात 'आस्क म्हणजे प्रेगुंतार' असं पक्कं बसलेलं, म्हणून झोकात 'प्रेगुंते उन काफे'. तिने वाचलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, मग कॉफी काय म्हणाली?

कारण प्रेगुंतार म्हणजे प्रश्न विचारणं. वस्तू मागायची तर पेदीर. आता मला सांगा, मराठी माणूस विचारणं आणि मागणं यात कधी गोंधळेल का? चार वर्षांचं पोरसुद्धा चॉकलेट मागतं आणि 'हे काय आहे' ते विचारतं. मी मराठीतून निघाले, इंग्रजीत जाऊन दोन्ही शब्द एका पिशवीत कोंबले आणि मग ती पिशवी घेऊन स्पॅनिशच्या दारात उभी राहिले. पुण्याहून साताऱ्याला जायचं आणि आधी मुंबई गाठायची, तसला प्रकार.

त्या दिवसापासून फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या लावायला लागले, इंग्रजी अर्थ खोडून मराठी. आणि कितीतरी जोड्या आपोआप सुटल्या. साबेर आणि कोनोथेर घ्या (स्पेनमध्ये थ, मेक्सिकोत त्याचा स होतो, मी बुर्गोसची चेली म्हणून थ). पुस्तकात दोन्हीपुढे इंग्रजीतलं 'नो' (know) लिहिलंय आणि खाली अर्धं पान नियम. माझ्या चिठ्ठीवर साबेर = माहीत असणं, शिवाय 'येणं', कारण मला पोहता येतं हेसुद्धा साबेरच. कोनोथेर = ओळखणं. गावाला लावलं तर 'बघितलंय', म्हणजे गोवा कोनोथेर असणं म्हणजे जाऊन आलोय. पुढे भूतकाळात म्हणे साबेरचा अर्थच बदलतो, त्याचं 'सुपे' होतं (बारामतीकडचं नव्हे), आणि त्यावर पुस्तकात वेगळी चौकट आहे. अहो कसली चौकट, 'सुपे' म्हणजे 'मला कळलं'. माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पण मला सगळ्यात आवडलेली गंमत वेळेची आहे. इंग्रजीत टाइम म्हटलं की संपलं, स्पॅनिशमध्ये मात्र तिएम्पो, ओरा आणि बेथ असे तिघं. मी तीनही शब्द सगळीकडे फेकत होते, एखादा तरी लागेल या आशेवर. मग एका रात्री भांडी लावता लावता ट्यूब पेटली की मराठीत हे आहेच की! 'माझ्याकडे वेळ नाही' यातला वेळ पुल्लिंगी, तो वेळ, जो जातो, वाया जातो, कोणी खातं. तो तिएम्पो. 'जेवायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी, ती घड्याळातली ठरलेली, ती ओरा, 'एस ओरा दे कोमेर'. आणि तीन वेळा सांगितलं यातल्या वेळा म्हणजे बेथ, अनेकवचनात बेथेस. 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ आली' यात केवढा फरक आहे बघा, पहिल्यात सिरीयल बघितलेली असते आणि दुसऱ्यात डॉक्टर मान हलवतात. इतकी वर्षं बोलतेय पण हा फरक आपण नुसत्या लिंगावर करतो हे मला स्पॅनिश शिकताना लक्षात आलं. वर ती ओरा म्हणजे आपली होराच. ग्रीकांचा शब्द, पश्चिमेकडे लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये गेला आणि इकडे संस्कृतात येऊन ज्योतिषात बसला, त्यातूनच आपले होराभूषण वगैरे. हे तिला सांगायला गेले, पण तेवढं स्पॅनिश नव्हतं.

सगळंच मराठीने सुटतं असं मात्र नाही हां. सेर आणि एस्तार, दोन्हीचं मराठीत 'असणं'. सुरुवातीला शिकवतात की कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. छान, सोपं. मग कळतं की माद्रिद स्पेनमध्ये आहे याला एस्तार (ते कुठे निघालंय का?), आणि माणूस मेलेला आहे यालाही एस्तार. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पुनर्जन्म मानत असतील. आमच्या घरी आता तोच नियम चालतो.

कोपऱ्याचंही तसंच, खोलीत आतून दिसणारा तो रिंकोन आणि बाहेरून रस्त्यावर वळताना लागणारी ती एस्किना. आपल्याकडे झाडू ठेवायचा तोही कोपरा आणि वाण्याचं दुकान असतं तोही कोपरा. पाण्यात पोहतोय तोवर पेथ, पकडला की पेस्कादो, पेस्कादोचा मूळ अर्थच पकडलेला. यात आपली मासळी थोडी मदतीला येते, कारण टँकमध्ये मासळी पाळलीये असं कोणी म्हणत नाही. आणि बटाट्याने तर धोकाच दिला. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला, म्हटलं शेजारची भाषा, चालून जाईल, तर स्पॅनिशमध्ये बटाटा म्हणजे पाताता किंवा पापा आणि 'बाताता' म्हणजे रताळं. नशीब दोन्ही उपवासाला चालतात.

आता शेवटचं, जे मला अजून जमत नाही. क्लास चालू असताना कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठले, मागून तिची हाक आली, मी स्वयंपाकघरातून ओरडले, 'बेंगो, बेंगो!' म्हणजे आले, आले. परत येऊन बसले तर ती हसत होती. तिकडे हाक मारली की 'आले' म्हणत नाहीत, 'जाते' म्हणतात, 'या बोय'. यातला 'या' म्हणजे 'आत्ता', आपला आदराने बोलावतो तो नाही. कारण मी जिथे आहे तिथून निघणार, म्हणजे जाणार. तुमच्याकडे येणार हे तुमच्या बाजूने झालं. तर्काने बरोबर आहे, पण कोणी हाक मारल्यावर 'जाते' म्हणायला जीभ वळत नाही हो. आपल्याकडे निघतानासुद्धा 'जाते' म्हटलं तर आजी उंबऱ्यातून परत बोलवायची, 'येते म्हण'.

हे मी तिला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, आजीसकट. ती खूश झाली, म्हणाली अगं आम्हीपण म्हणतो की, घरातून बाहेर पडताना 'आओरा बेंगो', आत्ता येते. मला इतका आनंद झाला! एवढ्या लांब, बुर्गोसला, निघताना 'येते' म्हणतात. पुढच्या क्लासला वेळ संपल्यावर मी कॅमेऱ्यात बघून ठसक्यात म्हटलं, 'आओरा बेंगो!', लॅपटॉप मिटला आणि झोपायला गेले.

सकाळी फोन बघितला तर तिचे तीन मेसेज. तिकडे 'आओरा बेंगो' म्हणजे खरोखरच पाच मिनिटांत येते. ती वीस मिनिटं कॅमेरा चालू ठेवून बसली होती.