सूज उतरण्याची वाट पाहू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. फिलरच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या रेघा भरून काढणाऱ्या जेलच्या इंजेक्शननंतर माझ्या चेहऱ्याचे काय झाले हे कळल्यापासून रत्नागिरी, राजापूर, गुहागरकडच्या ओळखीच्या बायका दबक्या आवाजात मला एकच विचारतात, "सूज आहे, दुखतंय, दोन दिवस थांबून बघू का?" नुसती सूज असेल तर डॉक्टरांना विचारून थांबता येते. पण कातडी पांढरी पडली असेल, तिच्यावर जांभळट जाळी उमटली असेल किंवा ठणका वाढतच असेल, तर तासभरही थांबू नये.

भाचीच्या लग्नाआधी मी नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या रेघा मुंबईत भरून घेतल्या आणि घरी कोणाला काही न सांगता रात्रीच्या कोकणकन्येने परत आले. गाडीतच डाव्या बाजूला ठणका लागला. सकाळी आरशात पाहिले, तर नाकपुडीभोवती आणि वरच्या ओठावर बारीक विणीच्या जाळ्यासारख्या जांभळ्या रेषा दिसत होत्या. क्लिनिकला फोन केला, तेव्हा नेहमीची सूज आहे, बर्फ लावा, एवढेच सांगण्यात आले. सासूबाईंना वाटले, काहीतरी चावले. त्यांनी लगेच सहाणेवर आंबेहळद उगाळली आणि मी ती मुकाट्याने लावून घेतली, कारण खरे सांगण्यापेक्षा ते सोपे होते. ज्या रंगावर लक्ष ठेवायला हवे होते, तो रंगच त्या लेपाखाली झाकला गेला आणि माझी अख्खी सकाळ वाया गेली.

दुपारी रत्नागिरीतल्याच एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी लेप धुवायला लावला, मग उजव्या गालावर बोट दाबून उचलले, तर रंग लगेच परत आला. डावीकडे तसेच केल्यावर तो डाग बराच वेळ फिकटच राहिला. फिलर रक्तवाहिनीत गेल्यामुळे किंवा बाहेरून तिच्यावर दाब आल्यामुळे तिथले रक्त अडले होते, आणि असे रक्त अडून राहिले की कातडी मरू लागते. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तो बंद करून त्यांनी गरम शेक द्यायला सांगितला.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, "आत नेमके काय भरले आहे?" मला ते माहीत नव्हते. बरीचशी फिलर हायल्युरॉनिक आम्लाची असतात. ते आपल्या शरीरातही असते आणि हायल्युरॉनिडेज नावाच्या एन्झाइमने विरघळते. कॅल्शियमचे फिलर मात्र त्याने विरघळत नाही. क्लिनिककडून नाव मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. म्हणून इंजेक्शन घेणारीने खोक्यावरचे नाव आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर मागून जपून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगते. पूर्वी गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण त्यांच्या विषातही हेच एन्झाइम असते.

मला संध्याकाळपर्यंत त्या एन्झाइमची इंजेक्शने पुन्हा पुन्हा द्यावी लागली आणि जाळी हळूहळू पुसट झाली. नाकपुडीच्या कडेला मात्र खपली धरली, आणि ती पडल्यावर तांदळाच्या कणीएवढा खळगा राहिला.

डोळ्यांखाली निळसर झाक दिसणे किंवा काही महिन्यांनी, कधी ताप वा दाताच्या संसर्गानंतर, गाठ येणे, यांसाठीही डॉक्टरांकडे जायचेच असते, पण तिथे इतकी घाई नसते. नजर अंधुक झाली किंवा डोळ्यात अचानक कळ आली, तर मात्र त्या क्षणी नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात निघावे, कारण दृष्टिपटलाला रक्तावाचून फार वेळ तग धरता येत नाही.

हौसेने केले, आता कोणत्या तोंडाने सांगू, असे तुमच्यापैकी अनेकजणी म्हणतात. मीही तेच म्हणत लेप लावून बसले होते. संध्याकाळी सासूबाईंना सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी काही न बोलता शेकासाठी पाणी तापत ठेवले. तुम्ही आत्ता चेहरा धुवा, खिडकीपाशी उजेडात फोटो काढा, इंजेक्शन कधी घेतले ती वेळ लिहून ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन निघा.