पुढचं सांगू नकोस, समोरचं वाच

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असा फोन आला तेव्हा संपादकांनी जाता जाता एक अटही घातली. "सर, ते ताम्रपट वगैरे फार नको हं. शाळेबद्दल लिहा." आता माझी पंचाईत अशी, की मला शाळा आठवते तीच ताम्रपटावरून.

नववीला संस्कृतचे जे सर होते त्यांच्या तासाला मी भलताच खुशीत असे, कारण माझं पाठांतर चोख होतं. वाचायला उभं केलं की पुस्तकाकडे न बघता धडाधड म्हणून मोकळा. एके दिवशी सरांनी तोच श्लोक फळ्यावर लिहिला, एक शब्द गुपचूप बदलून. मी पाठ असलेलाच शब्द म्हटला. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "पुढचं सांगू नकोस, समोरचं वाच."

माझा चेहरा पडलेला पाहून असेल, पण त्याच तासाला त्यांनी १९३९ साली आपल्या वाशीममध्ये सापडलेल्या ताम्रपटाची गोष्ट सांगितली. त्यात गावाचं नाव वत्सगुल्म आहे, हे ऐकून मागच्या बाकावर बराच वेळ 'गुल्म, गुल्म' चाललं होतं. आम्हाला इतिहास म्हणजे रायगड आणि पानिपत. बालाजी आणि पद्मतीर्थाच्या या गावात कधीकाळी राजधानी होती, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तो ताम्रपट विदर्भातल्या प्राचीन वाकाटक घराण्याचा राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ३७व्या राज्यवर्षातला. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. नंदिकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तरेकडचं एक गाव ब्राह्मणांना दिल्याचा तो दस्तऐवज. तलाठ्याकडची फेरफार नोंदच म्हणा ना. पण त्यात राजाच्या बापाचं नाव होतं सर्वसेन आणि आजोबाचं पहिला प्रवरसेन. वाकाटक राजा म्हणून हा सर्वसेन तोवर कुणाला ठाऊकच नव्हता!

खरी गंमत यानंतर. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वराहदेव मंत्र्याचा झिजलेला शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात ब्यूलर या जर्मन संस्कृत पंडिताने तो वाचला, तेव्हा प्रवरसेनानंतर 'रुद्रसेन' आणि मग 'पृथिवीषेण' अशी नावं लावली. ब्यूलर म्हणजे साधा माणूस नव्हे. पण वाकाटकांच्या थोरल्या शाखेचे, हीच नावं असलेले ताम्रपट त्याच्या डोळ्यांखालून गेलेले होते, तेव्हा पाठ असलेली नावं आपसूक पुढे आली असावीत. माझ्यासारखंच झालं, असं मी आपलं समजतो. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर वा. वि. मिराशींनी तो शिलालेख पुन्हा वाचला आणि १९४१ साली प्रसिद्ध केला. 'रुद्रसेन' नव्हे, 'सर्वसेन'. 'पृथिवीषेण' नव्हे, 'विंध्यसेन'. दोन नावं बदलली आणि वाकाटकांची एक आख्खी शाखा, आपल्या गावची, इतिहासात बसली.

मिराशी मूळचे संस्कृतचे प्राध्यापक. कोकणात १८९३ साली जन्मलेला हा माणूस नागपूरला आला आणि रायबहादूर हिरालालांच्या प्रोत्साहनाने कोरीव लेखांकडे वळला. कलचुरींच्या लेखांचा संग्रह १९५५ साली, वाकाटकांचा १९६३ साली आणि शिलाहारांचा १९७७ साली, वयाच्या ८४व्या वर्षी! मी नागपूरला एम.ए.ला गेलो ते १९७५ साल, त्यांना पद्मभूषण मिळालं ते. त्यांच्या वर्गात बसणं नशिबात नव्हतं. त्यांचा वाकाटकांचा खंड मात्र ग्रंथालयातून इतक्यांदा नेला, की कार्डावर ओळीने माझीच सही.

माझ्या कारकिर्दीत सांगण्यासारखं थोडं. कॉलेजात शिकवलं, सुट्टीत लेखांचे ठसे घेत फिरलो. ठसा घ्यायचा म्हणजे दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत घालायचा आणि थोडा सुकला की वरून शाईची गादी फिरवायची. घाई केली की शाई खाचांत उतरते. माझा पहिला ठसा म्हणजे निव्वळ काळा रुमाल होता.

मोठी चूक १९८९ सालची. एका ताम्रपटातल्या गावाचं नाव मी माझ्या आजोळच्या गावाशी जुळवलं आणि तसा लेख छापून मोकळा झालो. आजोळी सत्कारही झाला, नारळ मिळाला. सात वर्षांनी माझ्याच एका विद्यार्थिनीने बॅटरी तिरकी धरली आणि म्हणाली, "सर, हा 'प' नाहीये. 'ष' आहे." त्या लिपीत 'प' आणि 'ष' यांच्यात फरक एका रेघेचा, पोटातल्या आडव्या रेघेचा. सरळ उजेडात ती दिसत नव्हती. खरं सांगायचं तर मी ती शोधलीही नव्हती. गाव आजोळापासून पार शंभर मैल पलीकडे गेलं.

दुरुस्तीचा लेख लिहिला आणि छापून आल्यावर एक प्रत घेऊन सरांकडे गेलो. सर तेव्हा ऐंशीच्या पुढे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी चष्मा पुसला, लेख मांडीवर घेतला आणि ओळीखाली बोट धरलं. बोट शीर्षकावरच थांबलं.

"हे 'पुनर्वाचन' आहे की 'पुनर्वचन'?"

मी वाकून पाहिलं. काना खरंच नव्हता. प्रुफं मीच तपासली होती, तीन वेळा.