अडतीस किलो जास्त

३० मे, रात्र

शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ वहीपेक्षा कमी भरला असता तर आज झोप लागली असती. कमी का भरतो ते ठाऊक आहे: उंदीर, सोंडे, फाटकं पोतं, चाळताना गेलेली कणी. शाळा समितीसमोर पंचनामा करायचा, नाहीतर गुपचूप खिशातून भरायचा. पण उद्या मी निवृत्त होतोय म्हणून मुख्याध्यापकाचा चार्ज घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, अडतीस किलो जास्त भरतोय." पुन्हा मोजला. जास्तच. वहीत २१२, काट्यावर २५०.

बाकीचा चार्ज दुपारीच आटोपला. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची कायमची वही, पानं मोजून दिलं, शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारून दोघांच्या सह्या. कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, आणि पासबुक जुळलं. बँकेतली सही बदलण्याचा समितीचा ठराव मी एप्रिलमध्येच करून ठेवला होता. तो राहिला की नवा माणूस जूनमध्ये वीजबिलाला अडतो. शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरायची त्या युडायसचा पासवर्ड दिला. किल्ल्या दिल्या.

तांदूळ मात्र डोक्यातून जात नाही. पट १६८. पहिली ते पाचवी ११२, मुलामागे १०० ग्रॅम. सहावी-सातवी ५६, मुलामागे १५०. सगळे आले तर दिवसाला १९ किलो ६०० ग्रॅम. वहीत खर्च पडतो तो असा, सकाळच्या हजेरीवरून गुणाकार करून. पातेल्यात काय पडतं ते भात शिजवणाऱ्या मावशींना विचारायला हवं होतं. संध्याकाळी फोन लावला.

"पैलीची पोरं कुठं एवढा भात खात्यात, सर? शंभर ग्रॅमचा शिजून अडीचशे-तीनशे हुतो. मी व्हरांड्यात पोरं मोजती अन् मग तांदूळ घेती. वाया कशाला घालवायचा?"

बाजारच्या दिवशी मधल्या सुट्टीत घरी पळणारी मुलं, जत्रेच्या आठवड्यातली गळती, पहिलीतली अर्धी ताटं. बाईंनी तिथंच हिशोब मांडला: जानेवारीपासून ७६ दिवस शिजवलं, दिवसाला अर्धा किलो वाचला. बरोबर अडतीस.

मग डिसेंबरअखेर वही आणि पोती जुळली कशी? मावशी तर कैक वर्षं याच हातानं तांदूळ घेतायत. उत्तर सापडलं तेव्हा जरा गरगरलंच. जानेवारीत लोकवर्गणीतून वजनकाटा आला. तेव्हापासून टेम्पो उभा करून प्रत्येक पोतं चढवतो, रिकाम्या पोत्याचं अर्ध्या किलोच्या आसपासचं वजन वजा करतो आणि भरेल तेवढंच पावतीवर लिहून मग सही करतो. त्याआधी पोतं म्हणजे पन्नास, असं धरून चाललो होतो. येत होतं किलो-दीड किलो कमी. तिकडची तूट मावशींची काटकसर गुपचूप भरून काढत होती. दोन चुका एकमेकींना खात होत्या आणि माझी वही स्वच्छ!

प्रत्येक तपासणीत शेरेबुकात 'अभिलेखे अद्ययावत' असा शेरा मिळाला. त्यावर मी किती मिरवलो. रोज वाढण्याआधी अर्धा तास भाताची चव घेतली, चव नोंदवहीत 'चांगली' लिहून सही ठोकली, आणि त्या पातेल्यात किती तांदूळ पडतो ते मला ठाऊक नव्हतं. शाळा चालवली म्हणे. कोणी चालवली?

बरं, कागदाचं म्हणाल तर मी स्वतः तरी कुठे खरा आहे? शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म १ जूनचा. माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाचा तोच; गुरुजींनी दाखल करताना सोयीची तारीख टाकली. आई सांगायची, नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालास. म्हणजे निवृत्तीला दोन-एक महिने आधीच निघालोय. तिथं कमी, इथं जास्त. हसू आलं खरं.

बाई विचारत होत्या, तफावतीच्या रकान्यात कारण काय लिहू. खर्ची टाकून वही जुळवू नका, एवढं सांगितलं. कमी भरला तर वसुली, जास्त भरला तर खोट्या हजेरीचा संशय. अधिकारी दोन्हीकडून विचारणार. 'प्रमाणापेक्षा कमी शिजवले' असं लिहिलं तर आधी मावशींचं मानधन अडकेल. हजेरी सकाळची आणि जेवणारे दुपारचे, त्यातला फरक असं लिहिता येईल. खोटं नाही, पुरतं खरंही नाही.

सकाळी दहाला सही आहे. तोवर वाक्य बसवायला हवं, मावशींचं नाव न येता.