रात्रपाळीतला क्वार्टरबॅक

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं सेंट लुईस हे गाव बेसबॉलवेडं. पण इथल्या चाळिशीपुढच्या माणसाला बोलतं करायचं असेल तर अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कर्ट वॉर्नरचा विषय काढावा. मग अर्धा तास आपण नुसतं 'हं' म्हणायचं. वास्तविक ज्या रॅम्सकडून तो खेळला, ती टीम २०१६ मध्ये गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला गेली. मालकाचं नाव निघालं की लोक अजून शिव्या घालतात. वॉर्नरला मात्र कोणी नावं ठेवत नाही.

अमेरिकन फुटबॉल मला पहिली काही वर्षं नुसती धक्काबुक्की वाटायची. क्वार्टरबॅककडे बघायला लागले तेव्हा खेळ उलगडला. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचा ते त्याला ठरवायचं असतं. टीममध्ये असे दोघं-तिघं असले तरी मैदानावर एकच. बाकीचे कडेला उभे.

वॉर्नरची बरीच वर्षं अशी कडेलाच गेली. आयोवातला मुलगा, कॉलेजातही शेवटच्या वर्षी कुठे नंबर लागला. व्यावसायिक टीम दरवर्षी कॉलेजातले खेळाडू निवडतात, त्या १९९४ च्या निवडीत एकाही टीमने त्याला घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने शिबिराला बोलावलं, पण तिथे ब्रेट फार्व्हसारखा नावाजलेला क्वार्टरबॅक आधीच होता. याला घरी पाठवलं. मग सीडर फॉल्समधल्या हाय-व्ही या किराणा दुकानात रात्रपाळी, ताशी साडेपाच डॉलर, काम फळ्यांवर माल रचायचं. हाय-व्हीची दुकानं आमच्या मिझुरीतही आहेत, त्यामुळे ही गोष्ट ऐकताना फार लांबची वाटत नाही.

पुढे तो डे मॉइनमध्ये अरीना फुटबॉल खेळला. हा बंदिस्त स्टेडियममधला खेळ, मैदान निम्मं, एका बाजूला आठच खेळाडू. जागा कमी म्हणून चेंडू झटपट सोडावा लागतो, आणि वॉर्नरला ती सवय जन्मभर पुरली. १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅमला एक हंगाम, मग रॅम्समध्ये तिसऱ्या क्रमांकावर. १९९९ मध्ये क्लीव्हलंडची नवी टीम उभी राहत होती. हवा तर त्यांनी उचलावा म्हणून रॅम्सने वॉर्नरला मोकळा सोडला होता. त्यांनीही नाही घेतला!

त्याच ऑगस्टमध्ये सराव सामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला आणि प्रशिक्षक डिक वर्मील यांच्यापुढे वॉर्नरशिवाय इलाज उरला नाही. आदल्या वर्षी १६ पैकी चारच सामने जिंकलेल्या टीमने १३ जिंकले. वॉर्नरचे ४१ टचडाऊन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे), वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब. ३० जानेवारी २००० ला अटलांटात सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, टेनेसीविरुद्ध २३-१६ असा जिंकला. त्याच्या पासांनी टीम ४१४ यार्ड पुढे गेली, पण शेवटच्या क्षणी रॅम्सच्या माईक जोन्सने प्रतिस्पर्ध्याला गोलरेषेपासून एका यार्डावर लोळवलं म्हणून सामना वाचला.

इथली मंडळी गोष्ट इथेच संपवतात. मला तिचा उत्तरार्ध जास्त आवडतो. २००१ मध्ये पुन्हा तोच किताब, सुपर बोलमध्ये मात्र तरुण टॉम ब्रेडीच्या टीमकडून हार. मग हाताची दुखापत, आणि सेंट लुईसमध्ये त्याची जागा मार्क बल्जरने घेतली. २००४ मध्ये न्यूयॉर्कला गेला, तर अर्ध्या हंगामात नवख्या इलाय मॅनिंगसाठी खाली बसवलं. ॲरिझोनात आला, तिथेही मॅट लायनार्ट नावाचा नवा मुलगा आणला. किराणा दुकानातून वर येणं कौतुकाचंच, पण दोनदा देशात पहिला आल्यावर पोरांच्या मागे गुमान उभं राहायचं म्हणजे कमालच. २००८ मध्ये त्याने जागा परत मिळवली आणि वयाच्या ३७ व्या वर्षी, जिची कोणी गिनती करत नसे अशी ॲरिझोना सुपर बोलपर्यंत नेली. पिट्सबर्गने २७-२३ असं हरवलं, तेही अगदी शेवटी. जानेवारी २०१० मध्ये तो निवृत्त झाला.

ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, २०१७ साली, पात्र झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्याला घेतलं. मधली वर्षं रिकामी गेली म्हणून निवडणारे अडले, असं माझ्या ऑफिसातल्या एका कट्टर रॅम्सवाल्याचं मत. त्याच्याशी यावर वाद घालायचा नसतो, हे मला आता कळलंय.